पॅनिक अटॅक आणि डिप्रेशन: वेगळं धरायचं की एकत्र, हा वाद कुठून आला

आपल्या जळगाव-धुळ्याकडे पॅनिक अटॅकचा, म्हणजे अचानक "आता मरतो" अशी घबराट उसळण्याचा, पेशंट आधी हार्टच्या डॉक्टरकडे पोचतो. त्यात चुकीचं काही नाही, पहिल्यांदा छातीत धडधड होऊन हातपाय बधिर पडले तर ईसीजी काढायलाच पाहिजे. पण ईसीजी नॉर्मल निघाला की "गॅस असेल, टेन्शन घेऊ नका" म्हणत एक सलाईन, एक झोपेची गोळी आणि घरी. मन किती दिवसांपासून उदास आहे, जेवण जातं का, पहाटेच जाग येते का, हे कोणी विचारतच नाही, आणि मला वाटतं खरी गडबड तिथेच होते.

फार जुन्या काळात शिरत नाही. 1871 मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या धडधडीवर एका डॉक्टरांनी लिहिलं, तेव्हा सगळा शोध हृदयातच चालला होता. 1895 मध्ये व्हिएन्नातल्या एका डॉक्टरांनी हा चिंतेचा आजार म्हणून वेगळा मांडला.

खरं वळण आलं 1960 च्या आगेमागे, न्यूयॉर्कमधल्या एका मानसिक रुग्णालयात. डिप्रेशनसाठी नुकतं आलेलं इमिप्रामिन हे औषध अशा पेशंटना देऊन बघितलं जे दिवसातून तीन-चारदा "मी मरतोय" म्हणत नर्सच्या टेबलाकडे धावत यायचे. काही आठवडे झाले, पेशंट म्हणायचे काही फरक नाही, डॉक्टरांनाही विशेष दिसेना, पण नर्सच्या लक्षात आलं की हे लोक आता धावत येतच नाहीयेत. चिंता होती तशीच, अटॅक मात्र थांबले. त्यावरून पॅनिक म्हणजे साध्या चिंतेपेक्षा वेगळं काहीतरी आहे असं ठरलं आणि मानसिक आजारांच्या 1980 च्या अमेरिकन निदान-पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

आता गंमत बघा, औषध डिप्रेशनचं, पण आजार डिप्रेशनपेक्षा वेगळा धरला. आणि त्याच 1980 च्या पुस्तकात एक नियम घातला की अटॅक डिप्रेशनमुळे येत असतील तर पॅनिकचं निदान वेगळं करायचं नाही, मोठ्या आजारात छोटा आजार जिरवून टाकायचा. पण अटॅक डिप्रेशनमुळेच आले हे ठरवणार कसं? कोणाला आधी अटॅक सुरू होतात, मग तो बाजारात जाणं सोडतो, एसटीत बसणं सोडतो, लग्नाकार्याला जाणं टाळतो आणि अशा कोंडलेपणातून हळूहळू उदास होतो. कोणाचं उलटं होतं, आधी महिनोन्महिने उदासी आणि मग एक दिवस अटॅक. अशा वादामुळे त्याच पुस्तकाच्या 1987 च्या आवृत्तीत नियम काढला, दोन्ही निदानं सोबत लिहायला मोकळीक दिली. पण 1990 च्या दशकात आलेल्या आजारांच्या जागतिक यादीने, जी आपल्या सरकारी दवाखान्यांत चालत आली, उलटं सांगितलं, की अटॅक सुरू होतानाच डिप्रेशन असेल तर मुख्य निदान पॅनिकचं करू नका. म्हणजे तोच पेशंट एका पुस्तकाप्रमाणे दोन आजारांचा, दुसऱ्याप्रमाणे एकाचा.

मला स्वतःला 1987 चा निर्णय जास्त बरोबर वाटतो, कारण दोन्ही सोबत असले की आजार जास्त चिवट होतो, आत्महत्येचा धोकाही वाढतो, आणि कागदावर एकच नाव असलं की दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं.

यात अल्प्राझोलाम या घबराट शमवणाऱ्या गोळीने आणखी घोळ वाढवला. 1980 नंतर ही गोळी पसरली, अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटतं, त्यामुळे शर्टाच्या खिशात चांदीच्या कागदात गुंडाळलेली अर्धी गोळी घेऊन फिरणारे लोक आपल्याकडे खूप आहेत. पण तिने डिप्रेशन जात नाही, सवय लागते आणि एकदम बंद केली तर अटॅक उसळून येतात, ती डॉक्टरला विचारून हळूहळूच कमी करावी लागते. 2014 पासून तिच्या विक्रीवर कडक नियम आहेत ते उगाच नाहीत. हल्लीची डिप्रेशनची औषधं दोन्हीवर चालतात, फक्त कमी डोसने सुरू करतात कारण पहिले काही दिवस घबराट वाढू शकते, आणि असर यायला काही आठवडे लागतात. नेमके त्याच दिवसांत लोक औषध सोडून देतात, हे कोणीतरी आधीच समजावून सांगायला पाहिजे. सोबत 1980 च्या दशकातच पॅनिकसाठीची बोलण्याची थेरपीही आली, धडधड म्हणजे मरण नाही हे शरीराला सरावाने पटवायचं, ती जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही.

2013 च्या अमेरिकन पुस्तकात आणि 2022 पासून लागू झालेल्या नव्या जागतिक यादीत डिप्रेशनच्या निदानापुढेच "पॅनिक अटॅकसह" असं लिहिता येतं. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची 14416 ही फोन हेल्पलाइनही 2022 पासूनच आहे, तिथे मराठीत बोलता येतं, रावेर-शिरपूरच्या गावातूनही लागते, पैसे लागत नाहीत.