साथीच्या आजाराचे बिल कोणाच्या नावावर? कॅलिफोर्नियातल्या कामगार भरपाई विम्याची पार्श्वभूमी

२०२० च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या विमा कंपन्यांची आणि मालकांची झोप एका अंदाजाने उडवली. राज्यातल्या कामगार भरपाई विम्याचे दर सुचवणारी डब्ल्यूसीआयआरबी ही संस्था आहे. आरोग्य कर्मचारी, पोलिस, अग्निशामक आणि इतर अत्यावश्यक कामगारांना झालेला प्रत्येक कोविड कामावरच झाला असे कायद्याने पक्के ठरवले, तर खर्च किती येईल, याचे गणित तिने मांडले. उत्तर आले २२० कोटी ते ३,३६० कोटी डॉलर. मधला आकडा १,१२० कोटींचा, म्हणजे या विम्याच्या एरवीच्या वार्षिक खर्चाच्या ६१ टक्के. पुढची चार वर्षे जे नियम बदलत गेले, त्यांच्या मागे हा धसका होता.

तो समजून घ्यायला शंभर वर्षे मागे जावे लागते. कॅलिफोर्नियात १९११ साली ऐच्छिक आणि १९१३ साली सक्तीचा भरपाई कायदा आला. त्यातला सौदा असा: अपघातात चूक कोणाची हे पाहायचे नाही, मालकाने उपचार आणि भरपाई द्यायची, त्या बदल्यात कामगाराने मालकाला कोर्टात खेचायचे नाही. यंत्रात हात सापडला तर प्रश्नच नव्हता. पण ताप, खोकला, फ्लू? तो बाजारातही होतो आणि घरीही. म्हणून सगळ्यांनाच होणारा आजार भरपाईच्या बाहेर, हा दंडक पडला. त्याला मुख्य अपवाद असा: कामामुळे इतरांपेक्षा जास्त धोका पत्करावा लागला असेल तर. १९१८ च्या इन्फ्लुएंझा साथीत रुग्णालयाच्या कामात आजारी पडलेल्यांची प्रकरणे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९२० मध्ये न्यायालयाने तो अपवाद मान्य केला. मात्र पुरावा देण्याची जबाबदारी कामगाराकडेच राहिली. विषाणू नेमका कुठे चिकटला, हे कोण सिद्ध करणार?

आता हप्त्याचे गणित पाहू. हप्ता पगाराच्या दर १०० डॉलरमागे ठरतो आणि कामाच्या प्रकारानुसार दर वेगळा असतो. त्यावर मालकाचा स्वतःचा इतिहास चढतो. त्याला तिथे सगळे ‘एक्स-मॉड’ म्हणतात. १०० म्हणजे त्या धंद्याच्या सरासरीइतका. १२५ असेल तर एक लाख डॉलरचा हप्ता सव्वा लाख होतो, ८० असेल तर ऐंशी हजारांवर येतो. यात तीन वर्षांच्या पॉलिसींचे दावे धरतात, तेही थोडे जुने. जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या पॉलिसीतला दावा २०२२, २०२३ आणि २०२४ अशा तिन्ही वर्षांच्या एक्स-मॉडमध्ये डोके वर काढतो. २०२० च्या उन्हाळ्यात एखाद्या वृद्धाश्रमातल्या दहा-बारा परिचारिका आजारी पडल्या आणि त्यातली एक दगावली, तर त्या मालकाच्या मागे हे शुक्लकाष्ठ तीन वर्षे लागले असते. पूर्णपणे अवलंबून असलेले तीन किंवा जास्त वारस असतील तर मृत्यूची भरपाईच ३,२०,००० डॉलर असते.

दुसरीकडे घरी बसणे शक्य नसलेला कामगार होता. ६ मे २०२० ला राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी आदेश काढला: १९ मार्च ते ५ जुलै या काळात घराबाहेर काम केलेल्या कामगाराला कोविड झाला, तर तो कामावर झाला असे धरून चालायचे, नाही म्हणायचे असेल तर पुरावा मालकाने द्यावा. सप्टेंबरमध्ये एसबी ११५९ हा कायदा आला. आरोग्य कर्मचारी, पोलिस आणि अग्निशामकांना त्याने हेच संरक्षण पुढे चालू ठेवले. बाकीच्यांसाठी ‘उद्रेका’ची अट घातली: १०० पर्यंत कामगार असलेल्या ठिकाणी १४ दिवसांत चार बाधित, त्याहून मोठ्या ठिकाणी चार टक्के. दाव्याची चौकशी करायला एरवी ९० दिवस मिळतात. इथे पहिल्या गटासाठी ३० आणि उद्रेकाच्या प्रकरणांत ४५ उरले. बाधितांची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायची, लपवली तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड.

ही अट कागदी नव्हती. लिव्हिंगस्टन गावातल्या फॉस्टर फार्म्सच्या कोंबडी प्रक्रिया कारखान्यात साथ शिरली आणि आठ कामगार गेले. ऑगस्ट २०२० मध्ये मर्सेड काऊंटीच्या आरोग्य विभागाला तो बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. तिथे खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्यांना ‘कामावरच झाला हे सिद्ध करा’ म्हणणे अन्यायाचेच ठरले असते.

मग बिल कोणाच्या नावावर? इथे डब्ल्यूसीआयआरबीने आणि विमा विभागाने एक गाठ सोडवली. १ डिसेंबर २०१९ पासूनचे कोविडचे दावे एक्स-मॉडमध्ये धरायचेच नाहीत, असे ठरले. इतर अनेक राज्यांसाठी काम करणाऱ्या एनसीसीआयनेही त्यांना ‘आपत्ती क्रमांक १२’ देऊन बाजूला काढले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांच्या दाव्यांबाबतही तसेच झाले होते. एक्स-मॉडचा हेतू मालकाला सुरक्षिततेची सवय लावण्याचा आहे आणि साथ काही एका कारखान्याच्या हलगर्जीपणाने येत नाही. हा युक्तिवाद मला पटतो. पण त्याची किंमतही होती: दक्ष मालक आणि मास्कसुद्धा न पुरवणारा मालक, दोघांचा हप्ता सारखाच राहिला.

खर्च नाहीसा झाला नव्हता, तो सामाईक झाला होता. २०२१ च्या दरात पगाराच्या १०० डॉलरमागे सहा सेंट कोविडसाठी धरावेत, असे डब्ल्यूसीआयआरबीने सुचवले आणि सरासरी १.५६ डॉलर मागितले. विमा आयुक्त रिकार्डो लारा यांनी कोविडची भर नाकारून १.४५ चा सल्लादर (कंपन्यांना मार्गदर्शनासाठीचा, सक्तीचा नसलेला दर) मंजूर केला. मोठी रुग्णालये, शहरे आणि काऊंट्या स्वतःच स्वतःच्या विमादार असतात. एक्स-मॉडच्या सवलतीचा त्यांना उपयोग नव्हता. दर दाव्याचा पैसा थेट त्यांच्या तिजोरीतून गेला. या भाराकडे फार कोणी पाहिले नाही.

विमा कंपन्या मात्र बुडाल्या नाहीत. एनसीसीआयच्या हिशेबात २०२० साली देशभरातल्या खासगी कंपन्यांचे दावे आणि खर्च मिळून हप्त्याच्या ८७ टक्केच झाले, म्हणजे नफा शाबूत. कामेच थांबल्याने इतर अपघात घटले. कोविडचे बहुतेक दावे थोड्या दिवसांच्या रजेपुरते होते. मोठा पैसा गेला तो अतिदक्षता विभागातल्या आणि मृत्यूच्या मोजक्या प्रकरणांवर. घरून काम करणाऱ्या कारकुनांसाठी २०२१ पासून ८८७१ हा वेगळा वर्गच निघाला.

आपल्याकडच्या वाचकाला हे एक्स-मॉड प्रकरण परके वाटेल, कारण ईएसआय या आपल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत ते नाही. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५, मग कारखान्यात अपघात एक होवो की पन्नास. ईएसआयसीची कोविड मदत योजना २४ मार्च २०२० पासून लागू धरली गेली. मृत विमाधारकाच्या कुटुंबाला सरासरी पगाराच्या ९० टक्के देण्याचा तिचा बोजा कोणत्याही एका मालकाच्या दरात उतरला नाही.

कॅलिफोर्नियात मालकांची आणखी एक भीती २०२३ च्या जुलैमध्ये मिटली. एका बांधकाम कामगाराने कोविड घरी नेला, म्हणून पत्नीने मालकावर दावा केला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भरपाई कायदा असा दावा अडवत नाही, पण कामगाराच्या घरच्यांना संसर्ग होऊ न देण्याची जबाबदारी मालकावर टाकता येणार नाही. कोविड कामावरच झाला असे धरून चालण्याची एसबी ११५९ ची गृहीतके, एकदा मुदतवाढ मिळून, १ जानेवारी २०२४ ला संपली. १ सप्टेंबर २०२४ पासूनचे कोविड दावे एक्स-मॉडमध्ये परत आले. आता परिचारिकेला पुरावा स्वतः जमवावा लागतो आणि तिचा दावा मंजूर झाला तर तो रुग्णालयाच्या हप्त्यात मोजला जातो. जानेवारी २०२४ च्या पॉलिसीतले असे दावे २०२६ च्या एक्स-मॉडपासून धरले जातात.