काकीनाड्याला वारं, सोलापूरला पाऊस

गणपती उठले की सोलापुरात ऊन पुन्हा चटके द्यायला लागतं. सकाळी आभाळ निळंशार. बाराच्या सुमारास पांढऱ्या ढगांची गाठोडी जमतात आणि चारच्या पुढे हैदराबाद रोडच्या अंगाला काळं दाटून येतं. ढगाचा माथा ऐरणीसारखा चपटा पसरलेला दिसला, की गच्चीवरचे कपडे काढायला फार तर अर्धा तास उरतो. आमच्या शेजारच्या आजी या दिवसांत मावळतीकडं बघतही नाहीत. "उगवतीकडनं आलं तरच खरं," म्हणतात.

आजींचं बरोबर आहे. शाळेत आपण शिकतो तो मान्सून अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीला धडकतो, वर चढून थंड होतो आणि तिथंच रिता होतो. घाट उतरून पठारावर येणारं वारं दाबलं जाऊन तापतं, कोरडं पडतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून अडीचशे किलोमीटरच्या आत असलेल्या सोलापूरची सरासरी हजाराच्याही बरीच खाली. जून-जुलैत आपल्या डोक्यावरून ढग नुसते पळत असतात, वारं भणभणतं आणि पदरात पडते ती भुरभुर. सोलापूरचा सगळ्यात ओला महिना जुलै नव्हे, सप्टेंबर.

सप्टेंबरात पश्चिमेचा जोर ओसरतो. मान्सूनची माघार राजस्थानातून साधारण 17 सप्टेंबरला सुरू होते, आणि वरच्या हवेत बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्याला वाट मिळते. खाली उन्हानं तापलेली जमीन, वर ओली हवा. असे ढग 12 ते 15 किलोमीटर उंच चढतात आणि तासाभरात सगळं ओतून मोकळे होतात. म्हणून एकाच शहरात जुळे सोलापूर चिंब आणि बाळे कोरडं, हा प्रकार दरवर्षी होतो. विजाही याच पावसात जास्त.

पण खरा हिशेब बदलतो तो उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की. नकाशा काढून बघा: काकीनाडा आणि सोलापूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मध्ये पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि पश्चिमेला सह्याद्री आहे तशी सलग भिंत पूर्वेला नाही. आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेली प्रणाली तेलंगण ओलांडून थेट आपल्या दारात येऊ शकते.

13 ऑक्टोबर 2020 च्या पहाटे तेच झालं. काकीनाड्याजवळ एक अतितीव्र न्यूनदाब, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालची प्रणाली, किनारा ओलांडून आला. वाऱ्याचा वेग चक्रीवादळाच्या मोजपट्टीपर्यंत पोहोचला नव्हता, त्यामुळे त्याला नावही मिळालं नाही. त्यानं आधी हैदराबाद बुडवलं, मग 14 तारखेला सोलापूर जिल्हा. पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. पुढच्याच वर्षी 26 सप्टेंबरला 'गुलाब' चक्रीवादळ कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. त्याच्या अवशेषांनी मराठवाडा झोडपला, ते अरबी समुद्रात उतरले आणि तिथं पुन्हा बाळसं धरून ओमानला पोहोचले. तोवर नाव बदलून 'शाहीन' झालं होतं.

माझी तक्रार इथं आहे. वादळ किनाऱ्यावर चढलं की टीव्हीवरचे कॅमेरे गुंडाळले जातात आणि 'वादळ कमजोर पडलं' अशी पट्टी फिरते. कमजोर पडतो तो वारा. समुद्राचं कोमट पाणी वाफ होऊन वर जातं, तिचे थेंब होताना उष्णता सुटते आणि त्याच उष्णतेवर वादळ चालतं. जमिनीवर हे इंधन तुटतं आणि वारा पडतो. पण आधीच आभाळात चढलेलं पाणी कुठं जाणार? ते खालीच यायचं. प्रणाली रेंगाळली तर एकाच तालुक्यावर.

जुलै-ऑगस्टमध्येही उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं होतात, मग ती वादळं का होत नाहीत? तेव्हा खालचं वारं पश्चिमेचं आणि खूप उंचावरचं जोरदार पूर्वेचं असतं. उभ्या रचलेल्या उतरंडीला वरून एकानं आणि खालून दुसऱ्यानं ओढावं, तसं ते भोवऱ्याला उभं राहू देत नाही. ऑक्टोबरात ही ओढाताण कमी होते आणि पाणी अजून कोमट असतं. साडेसव्वीस अंश सेल्सिअस लागतात, उपसागरात त्याहून जास्तच मिळतात.

हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतं. त्यात उपसागरात न्यूनदाब तयार होण्याची शक्यता कमी, मध्यम की जास्त, हे असतं; 67 टक्क्यांच्या वर गेली की 'जास्त'. वाऱ्याच्या वेगावरून पुढची नावं ठरतात: ताशी 31 किलोमीटरला न्यूनदाब, 50 ला अतितीव्र, 62 ला चक्रीवादळ. सोलापूरकरानं वेगापेक्षा मार्ग बघावा. ओडिशाकडून वर छत्तीसगडला वळणाऱ्याशी आपल्याला फारसं देणंघेणं नाही. आंध्रच्या किनाऱ्यावर चढून पश्चिमेचं तोंड धरणारं आपलं.

नद्यांचंही असंच. पंढरपूरचा पूर बहुतेकदा पुण्याकडच्या घाटातला, उजनी धरणातून सोडलेला; त्याची आगाऊ सूचना मिळते. सीना मात्र अहिल्यानगर, धाराशिवच्या माळरानावरचं पाणी घेऊन येते, आणि तो पाऊस पूर्वेचा असतो. सप्टेंबर 2025 मध्ये माढा, मोहोळच्या गावांनी ते भोगलं.

तरीही हा पाऊस नको म्हणणारा शेतकरी मला भेटलेला नाही. डाळिंब आणि द्राक्षवाले सोडून. छाटणीच्या तोंडावर झड लागली की त्यांची झोप उडते. ज्वारीवाला मात्र उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या पावसाकडं डोळे लावून असतो. मोहोळला निवडलेली मालदांडी ज्वारी पेरणीनंतर पाण्याचा थेंब न मिळताही काळ्या रानातल्या ओलीवर दाणा भरते. ती ओल याच पंधरा-वीस दिवसांत मुरवून घ्यायची. पाऊस उघडल्यावर मूठभर माती दाबून लाडू वळायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आला, रान पेरणीजोगं झालं. चपटून राहिला तर तिफण अजून चार दिवस बांधावरच.