पाव सेकंदाचा हिशोब

स्ट्रीट फोटोग्राफर लोकांबद्दल एक समज फार घट्ट बसलाय, तो म्हणजे यांचा हात जाम फास्ट असतो. काहीतरी भारी दिसलं की कॅमेरा वर, खटकन क्लिक, झालं. पण आपल्या शरीराला हे जमतच नाही. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत धडधाकट माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो, आणि तोही 'दिवा लागला की बटण दाब' इतकं सोपं काम असेल तर. रस्त्यावर तर हे दाबण्यासारखं आहे की नाही तेही आधी ठरवायचं असतं, त्यात अजून वेळ जातो, वर ऑटोफोकसचा उशीर वेगळाच. आता साध्या चालीने चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो, म्हणजे पाव सेकंदात ३५ सेंटिमीटर. तुळशीबागेत दोन खांबांच्या मधोमध छान चेहरा दिसला म्हणून तुम्ही दाबलंत, फोटोत मात्र तो चेहरा खांबाच्या मागे, आणि मग दोष कॅमेऱ्याला.

पावसाळ्यातलं उदाहरण घेऊ, कारण तेव्हा पुण्यात डबक्यांची काही टंचाई नसते. चप्पल वाचवायला माणूस डबक्यावरून उडी मारतो तेव्हा शरीर समजा २० सेंटिमीटर वर गेलं. गुरुत्वाकर्षणाचं साधं शाळेतलं गणित केलं तर ही अख्खी उडी ०.४ सेकंदात संपते. उडी दिसली म्हणून बटण दाबलं तर पाव सेकंद गेलेला असतो आणि माणूस खाली यायला लागलेला असतो. म्हणून मुरलेला फोटोग्राफर उडीकडे बघतच नाही, तो गुडघ्यांकडे बघतो. गुडघे वाकले, धोतर किंवा साडीचा काठ हाताने वर गेला, की बोट निघालंच.

यात निसर्गाची एक सवलत मात्र आहे. वर जाताना वेग कमी होत जातो, टोकाला तो क्षणभर शून्य होतो, आणि मग पुन्हा वाढतो. त्यामुळे उडीचा निम्मा वेळ माणूस उंचीच्या सगळ्यात वरच्या पाव भागातच असतो, म्हणजे आपल्या २० सेंटिमीटरमधल्या वरच्या ५ मध्ये. उडीतला माणूस हवेत लटकल्यासारखा वाटतो ना, त्यामागे हे आहे. म्हणजे टोकावरचा फोटो त्यातल्या त्यात सोपा. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२चा पॅरिसमधला तो डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल, सां-लाझार स्टेशनच्या मागचा. त्यात माणूस टोकावर नाहीये, त्याची टाच पाण्याला टेकणार टेकणार अशी आहे. म्हणजे वेग वाढलेला असताना, सगळ्यात अवघड ठिकाणी. त्या फोटोचं कौतुक करताना लोक कविता करतात, मला त्यातलं टायमिंग जास्त थक्क करतं.

बरं, मग उशीर भरून काढायचा कसा? अंदाजाने. आपला मेंदू यात मुळातच हुशार आहे. लोकांना मेट्रोनोमच्या (ठेका धरून देणाऱ्या यंत्राच्या) टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक जण आवाजाच्या बरोबर न आपटता चांगले वीस-तीस, कधी त्याहूनही जास्त मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) आधीच आपटतात, आणि त्यांना वाटत असतं की आपण अगदी ठेक्यावर आहोत. म्हणजे ठेका एकदा कळला की मेंदू वाट बघत बसत नाही, पुढच्याची तयारी आधीच करून ठेवतो. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर याचा चांगला उपयोग होतो. ढोलवाल्याचा हात वर जातो, टिपरू डोक्याच्या वर क्षणभर थांबतं आणि खाली येतं. नुसतं बघून दाबलं तर टिपरू कायम ढोलावर किंवा धुरकट रेषेसारखं. त्याऐवजी दोन-तीन आवर्तनं कॅमेरा डोळ्याला न लावता पायाने ताल धरायचा आणि मग त्याच तालात दाबायचं. वरच्या टोकाला वेग शून्य असल्यामुळे शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, जरा स्लो असलं तरी टिपरू धारदार येतं, खाली येताना तेच शटर त्याचा पार पंखा करून टाकतं.

फोनवाल्यांनी इथे एक चलाखी केली आहे. कॅमेरा ॲप उघडं असतं तेव्हा फोन सतत फ्रेम घेत असतो आणि शेवटच्या काही मेमरीत धरून ठेवतो, तुम्ही दाबलं की बरेच फोन त्यातलीच एखादी वापरतात. त्यामुळे फोनचा स्वतःचा उशीर जवळपास गायब होतो. तुमच्या मेंदूचा राहतोच.

फोकसचंही तसंच, आधी करून ठेवायचा. मोठ्या फुलफ्रेम कॅमेऱ्यावर (मोठ्या सेन्सरचा, सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) २८ मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक एफ ८ (आकडा मोठा तितकं भोक लहान आणि फोकसची खोली जास्त), आणि फोकस अडीच मीटरवर कायमचा लावून टाकला तर साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी शार्प येतं. मंडईत, अप्पा बळवंत चौकात तुम्हाला ज्यात रस असतो ते सगळं याच पट्ट्यात घडतं. याला झोन फोकसिंग म्हणतात, आणि रस्त्यावर हे भल्याभल्या ऑटोफोकसपेक्षा भरवशाचं आहे असं माझं मत, कारण ऑटोफोकसला भाजीवालीचा चेहरा हवाय की पुढे लटकलेली मिरचीची माळ हे कुठे माहीत असतं. गंमत म्हणजे तुमच्या फोनचा मेन कॅमेरा हेच काम न सांगता करतो. त्याचा सेन्सर छोटा, लेन्सची खरी फोकल लेंग्थ जेमतेम ५-७ मिलिमीटर, त्यामुळे एफ १.८ लिहिलेलं असलं तरी फोकसची खोली मोठ्या कॅमेऱ्याच्या एफ ७-८ इतकी मिळते. आणि फोनच्या चौकटीत मावणारं दृश्य मोठ्या कॅमेऱ्यावरच्या २४-२६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं, म्हणजे २८च्या जवळचंच. लोक पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं ब्लर करायला धडपडतात, ते ब्लर सॉफ्टवेअरचं असतं, आणि रस्त्यावर मुळात मागचंच तर हवं असतं.

शटरचं गणित सरळ आहे. तोच १.४ मीटरने चालणारा माणूस १/३० सेकंदात पाचेक सेंटिमीटर सरकतो, १/१२५ मध्ये सव्वा सेंटिमीटरच्या आत, १/५०० मध्ये तीन मिलिमीटरपेक्षा कमी. याचं दुसरं टोक म्हणजे १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या बुलेवारचा घेतलेला फोटो. एक्सपोजर, म्हणजे प्रकाश आत येऊ द्यायचा वेळ, काही मिनिटांचा, त्यामुळे घोडागाड्या, माणसं, कुणी एका जागी पुरेसं थांबलंच नाही आणि रस्ता सुनसान आला. फक्त कोपऱ्यात एक माणूस दिसतो, बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला. फोटोत आलेला बहुधा पहिला माणूस तो, आणि तोही हालला नाही म्हणून. आजही कुमठेकर रोडचं पाच मिनिटांचं एक्सपोजर घेतलं तर पार्क केलेल्या गाड्या आणि झोपलेली कुत्री एवढंच उरेल. हातात धरून रस्त्यावरचं आयुष्य टिपायची सोय खऱ्या अर्थाने आली ती ऑस्कर बार्नाकच्या लायका या छोट्या कॅमेऱ्यामुळे, सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी वापरून २४ बाय ३६ मिलिमीटरची फ्रेम, बाजारात १९२५ ला.

आता उजेड. पुण्यात हा सगळ्यात मोठा त्रास. आपण १८.५ अंश उत्तरेला, त्यामुळे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली वगैरे. जुलैत ढग असतात, पण मेमध्ये दुपारी बाराच्या पुढे फोटो काढलात तर प्रत्येकाचे डोळे काळ्या खड्ड्यात. उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड आणि चार पावलांवर दुकानाच्या आत चारपाचशे, म्हणजे दोनशेपट फरक. आपले डोळे फिरता फिरता जुळवून घेतात, सेन्सरला एकाच झटक्यात दोन्ही सांभाळायचं असतं. त्यात पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की पुढचं काही नोंदवलंच जात नाही, उन्हातला पांढरा सदरा नुसता पांढरा डाग. अंधारातलं नंतर थोडं उचलता येतं, पण तिथे ग्रेन, म्हणजे खरबरीत ठिपके, येतो. कारण प्रकाश फोटॉनच्या (प्रकाशाच्या कणांच्या) हिशोबात येतो आणि त्यात चढउतार असतातच, साधारण संख्येच्या वर्गमुळाइतके. १०,००० फोटॉन आले तर चढउतार १००, म्हणजे एक टक्का. १०० आले तर १०, म्हणजे दहा टक्के, तो दिसतो. म्हणून एक्सपोजर उन्हाला लावायचं आणि सावल्यांना काळं पडू द्यायचं, मंडईच्या गाळ्यात वरून येणारी एक उजेडाची तिरीप असेल तर तिच्यात कोण येतंय याची वाट बघत थांबायचं.

संध्याकाळी वडापावच्या गाडीपाशी वेगळंच दुखणं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही. पण बहुतेक सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातात, म्हणून १/५०० ला काही ओळी उजेडात, काही अंधारात, फोटोवर आडवे पट्टे. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक ओळीला पूर्ण चक्र मिळतं आणि पट्टे जातात.

विसर्जनाच्या रात्री तर हे सगळं एकदम अंगावर येतं. रथावर एलईडीच्या माळा, म्हणून १/१००, तेवढ्यात ढोलवाल्याचा हात टोकावर गाठायचा, फोकस आधीच लावलेला, गर्दीत कोपर मारणारे काका वेगळे. कुणी मान हलवून नको म्हणालं तर कॅमेरा खाली, त्यावर वाद घालायचा नाही. आणि लेन्सवर गुलाल उडाला तर शर्टाने पुसू नका, कणांनी काचेवर ओरखडे येतात, आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा, आणि ब्लोअर नसेल तर कॅमेरा उलटा धरून हलकेच झटका, बाकीचं घरी जाऊन.