सिगारचा नवा नाद आणि पानाचा जुना रस्ता

भाच्यानं दुबईहून येताना सिगारचा डबा आणला आणि सांगलीत विश्रामबागेतल्या घरी फ्रिजमध्ये ठेवून दिला. भाजीच्या खणात, कोथिंबिरीच्या जुडीला लागून. वय एकतीस, काम आयटीचं, तेही घरातूनच. वडिलांची विडी लहानपणापासून पाहिलेली, म्हणून या पोरानं आजवर तंबाखूला बोट लावलं नव्हतं. आता मात्र त्याच्याकडं कटर आहे, तीन ज्वाळांचा लायटर आहे आणि एक वाक्य आहे: “मामा, हे व्यसन नव्हे, छंद आहे.” वर एक प्रश्नही होता. आपल्या भागात हे कधी नव्हतंच का?

पान होतं. दिल्ली-आग्र्याच्या दरबारात तंबाखू पोचली ती आपल्याच बाजूनं. हे सांगितलं की माणसं हसतात, पण त्याची नोंद आहे.

१६०४च्या सुमारास असद बेग नावाचा अकबराचा सरदार विजापूरला आला होता. शहजादा दानियालसाठी इब्राहीम आदिलशहाची मुलगी सून म्हणून घेऊन जायची, ही त्याची कामगिरी. विजापुरात त्याला तंबाखू दिसली. हिंदुस्थानात असलं काही आपण पूर्वी पाहिलं नव्हतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. मिरजेचा किल्ला, साताऱ्याचा अजिंक्यतारा, मधला सगळा कृष्णाकाठ तेव्हा आदिलशाहीत होता. पोर्तुगीज गोव्यात बसले होते आणि त्यांच्या जहाजांतून आलेलं हे पान घाट चढून दख्खनेत रुळलं होतं. तंबाखू हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या ‘तबाको’वरूनच आलेला.

असद बेग हुशार. बादशहापुढं नुसता पाला ठेवून भागणार नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं मीनाकाम केलेली, दोन्ही टोकांना रत्नं जडवलेली नळी तयार करवली, तोंडाशी यमनी अकीक बसवला, विस्तवासाठी सोन्याचं भांडं केलं. आदिलशहानं त्याला विड्याच्या पानांची एक सुरेख पिशवी दिली होती, ती उत्तम तंबाखूनं भरली. म्हणजे बादशहापुढं गेली ती आदिलशहाची चंचीच म्हणायची. अकबरानं कुतूहलानं दोन-तीन झुरके घेतले. हकीम घाबरा झाला, आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही म्हणाला. असद बेगनं वाद घातला की फिरंग्यांतही शहाणी माणसं आहेत, ती उगाच कशाला ओढतील? हकिमानं उत्तर दिलं, फिरंग्यांचं अनुकरण आम्हाला नको. अकबरानं पुन्हा नळीला तोंड लावलं नाही, पण दरबारातल्या उमरावांनी मागून मागून नेली, व्यापाऱ्यांनी विकायला सुरुवात केली आणि विषय संपला. १६१७ साली जहांगीरनं बंदीचं फर्मान काढलं, तोवर उशीर झाला होता.

तर पान चारशे वर्षांपूर्वी आलं. पण आपण ते अख्खं ठेवलं नाही, तिथं सिगारची वाट आपल्यापासून सुटली. कुणी ते चिलमीत भरलं, खाली ओल्या फडक्याची छापी धरून. कुणी गुडगुडीत. धनगर-शेतकऱ्यांनी चकमक झाडून चिलीम पेटवली. बहुतेकांनी चुन्याबरोबर तळहातावर मळून गालात बार धरला. बायकांनी तव्यावर भाजून मशेरी केली. आजही कऱ्हाड-पाटणकडच्या कित्येक घरांत सकाळ त्याच वासानं सुरू होते. आणि मग विडी. विडीसाठी तंबाखूचं झाड शेतातच उन्हावर वाळवतात, पान कुटून-चाळून त्याचा जर्दा करतात. गुंडाळायला पान असतं टेंभुर्णीचं, तेही इथलं नव्हे, गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातलं. म्हणजे तंबाखूचं पान विडीत शिरतं ते चुरा होऊनच.

सिगारचं नेमकं उलटं आहे. तिच्यात तंबाखूशिवाय दुसरं काही नसतं. आत घडी घालून बसवलेली पानं, त्यांना फिलर म्हणतात. त्यांना आवळून धरणारं पान म्हणजे बाइंडर. वरचं आवरण ते रॅपर. रॅपरचं पान पातळ, लवचीक, भोक नसलेलं आणि एका रंगाचं लागतं. ते कडक उन्हात नव्हे, तर हवेशीर छपराखाली महिनाभराहून जास्त काळ हळूहळू वाळवायचं असतं. मग पानांचे ढीग रचून ती आंबवायची. ढीग आतून तापतो, जास्त तापला की मोडून पुन्हा रचायचा. उन्हात सुकवून चुरा करायच्या पिकात असलं पान कुठून निघणार? निपाणी-जयसिंगपूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला कुणी ते मागितलंही नाही. मागणी विडी कारखान्याची होती, भाव तोच ठरवायचा.

त्या भावावरून १९८१ साली काय झालं ते या भागातल्या साठीपुढच्या माणसांना आठवतं. निपाणीचे तंबाखू उत्पादक मार्च-एप्रिलात पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. आंदोलनाचे नेते शरद जोशी, जन्म साताऱ्याचा, १९३५चा. सिगारच्या डब्यावर सोनेरी शेतं आणि हसणाऱ्या बायका छापलेल्या असतात. आमच्या पट्ट्यातलं तंबाखूचं चित्र हे असं आहे.

हिंदुस्थानात अख्ख्या पानाची वळी करायची परंपरा होती ती दक्षिणेत. तमिळमध्ये वळकटीला ‘सुरुट्टु’ म्हणतात, त्याचंच फिरत फिरत इंग्रजीत ‘शेरूट’ झालं आणि आपल्याकडं चिरूट. त्रिचनापल्ली आणि दिंडिगल ही त्याची गावं. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ गाळाची बेटं आहेत, त्यांना लंका म्हणतात. तिथली लंका तंबाखूही चिरुटासाठी नावाजलेली. गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरला उगवते, चांगलं पान मात्र तिनं समुद्राजवळ जाऊन दिलं.

चिरूट आपल्याकडं आला तो साहेबाच्या तोंडात. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी १८२९ साली करार करून इंग्रजांनी महाबळेश्वर घेतलं, पुढं ती मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी झाली. मद्रासकडच्या चिरुटांचा डबा हा गोऱ्या अंमलदाराच्या सामानातला नेहमीचा भाग. तो जेवणानंतर बंगल्याच्या व्हरांड्यात ओढायचा, आणि खाली घोडा धरून उभा असलेला मोतद्दार चिलीम भरायचा. दोघांच्याही हातात तंबाखूच. पण ‘चिरूट ओढणारा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हॅटवालाच उभा राहिला, तो आजतागायत. भाच्याला जे नवं वाटतं त्यात या हॅटचा वाटा मोठा आहे.

क्युबाची गोष्ट वेगळीच. १४९२ साली कोलंबसच्या दोन माणसांनी तिथले ताइनो लोक पानांची वळी पेटवून धूर घेताना पाहिले. त्यांतला रॉद्रिगो दे हेरेस ती सवय घेऊन स्पेनला परतला, आणि तोंडातून धूर काढतो म्हणून त्याला धर्मन्यायालयानं तुरुंगात टाकलं, अशी कथा सांगतात. पुढं क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतातली लाल माती या पिकाला अशी मानवली की हवाना हे नावच सिगारचं माप झालं.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते ती वाचकाची गोष्ट. सिगार वळणं हे हाताचं आणि शांततेचं काम, आठ-दहा तास एका बाकावर. १८६५ साली हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात कामगारांनी एक पद्धत सुरू केली. उंच आसनावर एकजण बसून मोठ्यानं वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचणार, बाकीचे वळत वळत ऐकणार. वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. वर्षभरातच स्पॅनिश सरकारनं वाचनावर बंदी घातली, कारण अक्षर न येणारी माणसं राजकारण बोलायला लागली होती. बंदी टिकली नाही. मॉन्टेक्रिस्तो, रोमिओ-ज्युलिएट ही सिगारची नावं या वाचनातूनच आली असं म्हणतात. आपल्याकडं सोलापूर-निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बायकांना असं कुणी वाचून दाखवलं असतं तर, हा विचार माझ्या मनात येतोच. त्यांच्यासाठी कायदा आला तो १९६६ साली, आणि गंमत म्हणजे त्याच्या नावात विडीबरोबर सिगारही होती: विडी व सिगार कामगार अधिनियम.

क्युबातल्या क्रांतीनंतर १९६० साली कारखाने सरकारजमा झाले. मालक बी आणि कारागीर घेऊन डॉमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वाकडं गेले. १९६२च्या फेब्रुवारीत केनेडींनी क्युबाच्या मालावर अमेरिकेत बंदी घातली. सही करण्याआधी त्यांनी आपल्या प्रसिद्धी सचिवाला बाजारातून हजारभर क्युबन सिगार गोळा करायला पाठवलं होतं आणि त्यानं १,२०० आणल्या. त्या सचिवानंच पुढं ही गोष्ट सांगितली.

मग तीस वर्षं सिगार ही म्हाताऱ्यांची वस्तू होत गेली. १९९२ साली अमेरिकेत ‘सिगार अफिसिओनादो’ हे चकचकीत नियतकालिक निघालं आणि वारं फिरलं. गुणांकनं, चवींची वर्णनं, कटरच्या जाहिराती, नट्यांच्या हातात सिगार. पाच वर्षांत तिथं एवढी मागणी वाढली की कच्ची पानंही वळून विकली गेली. आज भाचा मोबाइलवर जे शिकतो, ‘रोबुस्टो’ पाच इंची, जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजायची, रॅपरमध्ये म्हणे कोको आणि चामड्याचा वास, ही भाषा घरोघरी पोचली ती या लाटेनं. प्राचीन परंपरा म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं माझ्या लग्नानंतरचं आहे.

सगळंच मात्र नखरा नव्हे. सिगार ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवावी लागते, कारण पान हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. फ्रिजची हवा कोरडी, शिवाय वास लागतो तो वेगळा. आमच्याकडं एप्रिलात ओठ फुटतात आणि जुलैत चपलेला बुरशी येते. महाबळेश्वरात तर पावसाळ्यात काड्यापेटीतली काडी पेटत नाही. म्हणून स्पॅनिश सीडरच्या लाकडाची पेटी, आत आर्द्रता सांभाळणारी पुडी, छोटा मापक. सांगलीकराला यात नवल वाटू नये. हरिपूरच्या माणसांनी जमिनीत पेवं खणून हळद वर्षानुवर्षं टिकवली. माल बंद जागेत, ठरावीक हवेत मुरवायचा, हे इथं कुणी हवानाहून येऊन शिकवलेलं नाही.

ओढण्याची रीतही पानाच्या स्वभावातून आली आहे. टेंभुर्णीचं पान नीट जळत नाही, म्हणून विडी सतत ओढावी लागते, नाहीतर विझते. विडीवाल्या हातात सिगार दिली की तो तशीच भराभर ओढतो, ती तापते आणि कडू होते. सिगारला मिनिटाला एखादा झुरका पुरे. धूर छातीत घ्यायचा नाही, हा नियम शिष्टाचाराचा वाटतो, पण त्यामागं रसायन आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात जातं. छातीत घेतलं नाही म्हणजे लागलं नाही, असा हिशेब चुकीचा. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांचे कर्करोग सिगारनंही होतात. नवख्याला पहिल्याच दिवशी रिकाम्या पोटी गरगरतं, घाम फुटतो, ते याच निकोटिननं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय काढल्यापासून हे गाव दवाखान्यांचं झालं. तिथं जबड्याला पट्टी बांधलेली माणसं रांगेत बसलेली मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी तंबाखू ओढली नव्हती, चघळली होती. तोंडाला दोन्हींत फार फरक कळत नाही.

कायद्यालाही कळत नाही. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात विडी, सिगारेट, सिगार एकाच माळेत आहेत. अठराच्या आतल्याला विकायचं नाही, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत दुकान नको, आणि २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी ओढणंही बंद. सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्रानं सुटी सिगारेट-विडी विकायला मनाई केली. टपरीवर जाऊन बघा म्हणजे अंमलबजावणी कळेल.

डब्याचं पुढं असं झालं. आठवड्यानं भाच्यानं फ्रिजमधून तो काढला तर तीन सिगारींचं रॅपर चिरलं होतं आणि सगळ्यांना कोथिंबिरीचा वास. गल्लीतले अण्णा तेवढ्यात आले. निपाणीच्या वखारीत चाळीस वर्षं दिवाणजी होते. त्यांनी चिरलेली एक उचलली, नाकाशी नेली, आवरण हळूच सोलून उजेडात धरलं, शिरा बघितल्या. “पान झ्याक हाय,” म्हणाले. मग आतलं भरण तळहातावर चुरलं, चंचीतून चुन्याची डबी काढली, अंगठ्यानं मळलं, दोन टाळ्या दिल्या.

“अण्णा, दोन हजारांची होती ती,” भाचा म्हणाला.

“आसू दे की,” अण्णा म्हणाले आणि बार गालात धरला.