फ्लोअर स्ट्रिपिंग-वॅक्सिंगचे दर, पुण्याच्या हिशोबाने

विनाइलच्या फरशीवरचे जुने फिनिशचे थर केमिकलने, म्हणजे स्ट्रिपरने, सोडवून काढायचे, फरशी धुऊन सुकवायची आणि वर ॲक्रेलिक फिनिशचे, म्हणजे बोलताना वॅक्सचे, नवे कोट द्यायचे, हे स्ट्रिपिंग-वॅक्सिंग. पुण्यात हे काम निघतं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, जिममध्ये, शाळांच्या लॅबमध्ये, हिंजवडी-खराडीच्या काही ऑफिसांत. पेठांमधल्या जुन्या दुकानांची शहाबादी, कोटा किंवा मोझॅक फरशी हे वेगळं प्रकरण, तिला डायमंड पॅडने घासून पॉलिश करतात आणि त्याचा दरही वेगळा. व्हिट्रिफाइड टाईल्सवर वॅक्स धड टिकतच नाही, तरी 'वॅक्स मारून द्या' म्हणणारे गिऱ्हाईक भेटतातच, तिथे नाही म्हणावं. काही नव्या विनाइलवर कारखान्यातूनच पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग येतं, त्याला स्ट्रिपर लावण्याआधी बनवणाऱ्याच्या सूचना वाचाव्यात.

कोटेशन चौरस फुटावर जातं. जुने काँट्रॅक्टर ब्रासमध्ये बोलतात, १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. क्षेत्रफळ मात्र स्वतः टेप लावून मोजायचं, कारण ऑफिसवाले सांगतात तो आकडा बहुतेक वेळा भाडेकरारातला असतो आणि त्यात पॅसेज, जिना, कधीकधी पार्किंगचा वाटासुद्धा धरलेला असतो. पण चौरस फूट हे नुसतं सांगायचं माप, खरा खर्च ठरतो माणसांच्या तासांवर आणि डब्यांवर, म्हणून फोनवर दर विचारणाऱ्याला फोटोवरून आकडा देणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

साधा हिशोब बघा. हॉल ३,००० चौरस फुटांचा, ४ कोट द्यायचेत. १ लिटर फिनिश एका कोटाला साधारण ५०० चौरस फूट जातं, म्हणजे २४ लिटर लागणार. ३ माणसं, ८ तास, म्हणजे २४ माणूस-तास. आता आकडेमोडीपुरतं समजा की तासाला माणशी १५० रुपये पडतात, फिनिश २५० रुपये लिटर आहे, स्ट्रिपर-पॅड-मॉपचे २,००० आणि टेम्पो-मशीनचे २,४००. मजुरी ३,६००, फिनिश ६,०००, सगळं मिळून १४,००० झाले, त्यावर ऑफिसखर्च आणि नफा ३० टक्के धरला की १८,२००, म्हणजे चौरस फुटाला ६ रुपयांच्या जरा वर. आता तोच हॉल, पण वर्षानुवर्षं स्ट्रिप न करता कोटावर कोट मारत गेलेले आहेत, दोनदा स्ट्रिपर लावावा लागला, तास ४० झाले आणि केमिकल १,५०० रुपयांचं जास्त गेलं, तर तोच दर ७.७५ च्या पुढे जातो. अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक म्हणतात मजुरीच सगळ्यात मोठी, इथे तसं होईलच असं नाही, वरच्या हिशोबात मालच मजुरीच्या पुढे आहे, त्यामुळे पाचवा कोट 'असाच' देऊन टाकणं महागात पडतं.

हे जास्तीचे तास आधी ओळखायचे तर साईट व्हिजिट हवीच. भिंतीकडेच्या पिवळट कडा बघायच्या, कपाटामागे हातभर जागेत स्ट्रिपर लावून ५-१० मिनिटं ठेवायचा आणि पट्टीने खरवडून बघायचं, एका हातात सुटतंय का दोन. स्ट्रिपर सुकू द्यायचा नाही, सुकला की परत मेहनत. फरशी घासायचं मशीन कोपऱ्यात जात नाही, कडा हातानेच, म्हणून २० केबिनचं ऑफिस आणि तेवढ्याच मापाचा मोकळा हॉल एका दरात बसत नाही. टेबलं-खुर्च्या कोण हलवणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावं, नाहीतर रात्री ११ ला तुमची पोरं सर्व्हरचं कपाट ढकलत बसतात.

पाण्याचंही बघावं लागतं. स्ट्रिपर अल्कधर्मी असतो, नीट धुतला नाही तर नवं फिनिश धरत नाही, पावडरसारखं सुटतं, आणि टँकरवर चालणाऱ्या बिल्डिंगमध्ये वॉचमन बादल्या मोजत उभा असतो. पावसाळ्यात हवा दमट, एरवी अर्ध्या-पाऊण तासात सुकणारा कोट लांबतो, म्हणजे रात्रीत ४ कोट बसतीलच असं नाही, दुसरी रात्र धरूनच दर द्यावा. लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये चाळीसेक किलोचं सिंगल डिस्क मशीन जिन्याने चढवायचं असतं आणि वर १५ अँपियरचा पॉइंट सापडेलच असं नाही.

छोट्या कामाला मिनिमम चार्ज लागतोच. ४०० चौरस फुटांच्या क्लिनिकला वरच्याच हिशोबातले टेम्पो-मशीनचे २,४०० चौरस फुटाला ६ रुपये होतात, अजून फरशीला हात लागलेला नाही. दरवेळी पूर्ण स्ट्रिपिंगही लागत नाही, वरचा थर हलका घासून १-२ कोट दिले की बरंच भागतं आणि वर्षाच्या देखभाल करारात, म्हणजे एएमसीत, हे बसवता येतं.

दर सांगताना १८ टक्के जीएसटी वेगळा लिहावा. रजिस्ट्रेशनची सेवांसाठीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे, त्याखाली असाल आणि रजिस्ट्रेशन घेतलेलं नसेल तर जीएसटी लावायचाच नाही. कंपनी काँट्रॅक्टरच्या बिलातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापते, वैयक्तिक नावाने धंदा असेल तर १ टक्का, आणि पैसे महिना-दीड महिन्याने देते, तेवढे दिवस पोरांचे पगार खिशातून जातात, ते व्याजही दरात धरावं.