निळा गरुड आणि मुसोलिनीचं कॉर्पोरेट राज्य

१३ सप्टेंबर १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून सुमारे अडीच लाख माणसांची मिरवणूक निघाली. सगळीकडे एकच निळा गरुड. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी महामंदीतून उद्योग सावरायला त्याच वर्षी उभारलेल्या 'एनआरए' (नॅशनल रिकव्हरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) या यंत्रणेचं ते चिन्ह. रुझवेल्टनी इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनी याची नक्कल केली, असं तेव्हापासून म्हटलं जातं. हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण साम्य खरंच आहे.

एनआरएनं एकेका धंद्यातल्या मालकांना एकत्र बसवून मजुरी, कामाचे तास आणि पुष्कळदा किमतीही ठरवायला लावल्या. अशा पाचशेहून जास्त संहिता झाल्या आणि त्यांना कायद्याचं बळ होतं. सूटच्या इस्त्रीचा दर ४० सेंट ठरलेला असताना ३५ सेंट घेतले, म्हणून जर्सी सिटीतल्या एका शिंप्याला तुरुंगात जावं लागलं! एनआरएचे प्रमुख जनरल ह्यू जॉन्सन यांना मुसोलिनीचं कौतुक होतं. इटलीच्या कॉर्पोरेट राज्यावरचं एक पुस्तक त्यांनी मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्या हाती ठेवलं. खुद्द रुझवेल्टनी १९३३ च्या खासगी पत्रांत मुसोलिनीबद्दल चांगलं लिहिलं आहे, आणि रुझवेल्ट यांच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिताना मुसोलिनीला त्यात फॅसिझमची आठवण झाली.

मात्र एनआरएचं मूळ शोधायला रोमला जावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेनं युद्ध उद्योग मंडळ नेमून कारखान्यांची घडी बसवली होती. जॉन्सन त्याच कामात तयार झालेले. मुसोलिनी सत्तेवर आला तो १९२२ मध्ये.

'कॉर्पोरेट' या शब्दानंही घोटाळा होतो. इथे त्याचा अर्थ कंपन्यांचं राज्य असा नाही. इटलीतलं 'कॉर्पोरेशन' म्हणजे एका धंद्यातले मालक आणि मजूर यांचं सरकारी मंडळ. १९३४ मध्ये अशी २२ मंडळं झाली. कागदावर दोन्ही बाजू समान, पण त्याआधी १९२६ च्या कायद्यानं संप बेकायदा ठरवला होता आणि मान्यता फक्त फॅसिस्ट संघटनांना ठेवली होती. मजुरांच्या वतीनं बोलायचे ते पक्षाचे लोक. अमेरिकेत नेमकं उलटं झालं. एनआरएच्या कायद्यातल्या कलम ७(अ) नं मजुरांना स्वतःची संघटना करून सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क दिला, आणि १९३४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, मिनियापोलिस, टोलेडो इथे मोठे संप पेटले.

माझ्या मते खरा फरक कळतो तो 'नाही' म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं यावरून. जाकोमो मातेओत्ती या समाजवादी खासदारानं १९२४ मध्ये निवडणुकीतल्या गैरप्रकारांवर संसदेत भाषण केलं. थोड्याच दिवसांत त्याला पळवून नेऊन ठार मारण्यात आलं. पुढच्या जानेवारीत मुसोलिनीनं त्याच संसदेत उभं राहून घडलेल्या सगळ्याची जबाबदारी घेतली. त्याला कोणी हात लावू शकलं नाही.

ब्रुकलिनमधले शेक्टर बंधू कोंबड्यांचे घाऊक विक्रेते होते. संहितेनुसार गिऱ्हाईकाला खुराड्यातून हवी ती कोंबडी निवडता येत नसे. हा आणि असे इतर नियम मोडल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २७ मे १९३५ रोजी सर्व नऊ न्यायाधीशांनी एकमतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि सगळ्या संहिता एका दिवसात कोसळल्या. न्यायालय आंतरराज्य व्यापाराची घोडागाडीच्या काळातली व्याख्या लावत आहे, असं रुझवेल्ट पत्रकारांसमोर चिडून म्हणाले. निकाल मात्र त्यांनी पाळला.

दुकानांच्या काचांवरून निळा गरुड उतरला. कलम ७(अ) मधला हक्क तेवढा टिकला: त्याच जुलैमध्ये वॅग्नर कायदा झाला आणि मजुरांचा संघटनेचा हक्क आणखी भक्कम झाला. इटलीत त्या वर्षी संप हा गुन्हाच होता.