सोरच्या अधिपतीविरुद्धची भविष्यवाणी

बायबलच्या जुन्या करारातील यहेज्केल या ग्रंथाच्या 28व्या अध्यायातील (वचने 1–19) निर्णयवाणी. रोख आहे तो सोर (टायर, लेबनॉनमधील आजचे सूर) या फिनिशियन बेटनगरीच्या राजावर. ग्रंथात त्याचे नाव नाही. काळ पाहता तो तिसरा इथोबाल असावा. स्वतः यहेज्केल इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) हद्दपार झालेला होता.

पहिला भाग (1–10) आरोपपत्राच्या घाटाचा आहे. आधी राजाची बढाई, मग 'म्हणून', मग शिक्षा. राजाचे शहाणपण आणि त्यातून आलेली संपत्ती वाणी नाकारत नाही; त्या जोरावर 'मी देव आहे' म्हणणे हा गुन्हा. शिक्षाही बढाईच्याच मापाची. समुद्राच्या मध्यभागी देवासनावर बसल्याचे सांगणारा समुद्रातच मरणार, आणि मारेकऱ्यासमोर तरी 'मी देव' म्हणशील का, असा बोचरा सवाल त्याला केला जातो.

दुसरा भाग (11–19) विलापगीत आहे, तेही राजा जिवंत असताना. एदेन बाग, रत्ने, करूब (पंखधारी स्वर्गीय रक्षक), देवाचा पर्वत अशी भव्य मांडणी करून त्याला भुईवर आपटले आहे. हिब्रू पाठात रत्ने नऊ, ग्रीक सप्ततीत (जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात) बारा. हिब्रूत राजाच करूब आहे, ग्रीकमध्ये तो करूबाच्या सोबत आहे. ख्रिस्ती परंपरेत पुष्कळांनी येथे सैतानाचे पतन वाचले. पण 16 व 18 या वचनांत दोष व्यापारातला सांगितला आहे, तिथे हे वाचन अडखळते.

पूर्ततेचा प्रश्न खुद्द ग्रंथानेच उपस्थित केला आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचा सोरला पडलेला वेढा यहुदी इतिहासकार जोसेफसच्या मते 13 वर्षे चालला. सोर बेटावर होते, त्यामुळे पायदळाने समुद्राकडची रसद तुटेना. शेवटी शहर बहुधा तहाने नमले, लुटले गेले नाही. इ.स.पू. 571 च्या वाणीत (29:17–20) सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, तरी सोरकडून वेतन मिळाले नाही, म्हणून नबुखद्नेस्सराला मिसर (इजिप्त) देतो, असे देवाच्या तोंडी स्पष्ट म्हटले आहे. संदेष्ट्यांच्या साहित्यात इतकी उघड दुरुस्ती विरळा.

अलेक्झांडरने इ.स.पू. 332 मध्ये किनाऱ्यावरच्या जुन्या शहराचे दगडधोंडे समुद्रात टाकून बांध घातला आणि सात महिन्यांत सोर घेतले. काही भाष्यकार 26:12 ची (सोरचे दगड, लाकूड, माती पाण्यात टाकतील) पूर्तता येथे पाहतात. मात्र 26:7 मध्ये चालून येणारा म्हणून नाव नबुखद्नेस्सराचे आहे, म्हणून हा जोड सैलच राहतो. बांधाभोवती गाळ साचून बेटाचे द्वीपकल्प झाले. त्यावर आजही वस्ती आहे, त्यामुळे 'पुन्हा बांधले जाणार नाही' (26:14) हे शब्दशः घेणाऱ्यांना ते किनाऱ्यावरच्या जुन्या शहरापुरते मर्यादित करावे लागते.